लष्करी ट्रक रस्त्यावर आणायचा तर: इंजिनाच्या आधी ब्रेक

तळोजा एमआयडीसीत आम्ही ज्या गोदामाचं अंगण भाड्यानं घेतलंय, त्याच्या कुंपणभिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक भगदाड बुजवल्याची खूण आहे. सिमेंटचा रंग अजून वेगळा दिसतो. ते भगदाड आमच्या शक्तिमान या जुन्या लष्करी ट्रकच्या बंपरनं पाडलं. ट्रक आणून चौथा दिवस होता. बॅटऱ्या उसन्या आणल्या, डिझेलचा कॅन वर टांगला, इंजिन दोन-तीनदा खोकून सुरू झालं आणि आम्ही तिघं मित्र वरातीत नाचावं तसे नाचलो. मग मी पहिला गिअर टाकून ट्रक दहा पावलं पुढे घेतला, ब्रेकवर पाय दिला आणि पेडल थेट फळीला जाऊन टेकलं.

आमच्याबरोबर एक हवालदार काका असतात. मूळचे साताऱ्याकडचे, ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून निवृत्त, आता कळव्याला मुलाकडे राहतात. भिंतीकडे बघून ते एवढंच म्हणाले, "थांबला एकदाचा."

त्या दिवसानंतर आम्ही सगळं काम उलट्या क्रमानं करायला घेतलं. पुढे लिहिलंय तो तोच क्रम. निवृत्त लष्करी ट्रक बहुधा चालून चालून झिजलेला नसतो. फौजेत असेपर्यंत त्याची देखभाल वेळापत्रकाप्रमाणे होते. पुढे तो आवारात वर्षानुवर्षं उभा राहतो आणि बिघडतो तो तिथे. लोखंड टिकतं, रबर आणि तेल जातं, आणि जिथे जायला नको तिथे पाणी शिरतं. म्हणून पहिली नजर झीज शोधण्यापेक्षा रबर, तेल आणि पाणी यांच्याकडे हवी.

गाडी कोणती, कागद कुठले

आपल्याकडे पाचच नावं वारंवार कानावर येतात. शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारा डिझेल ट्रक. १९५९ पासून गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे व्हेइकल फॅक्टरीत तो १९९० च्या दशकापर्यंत बनत राहिला. जोंगा आणि तिचा मोठा भाऊ निसान वन टन हे जपानी निसानच्या आराखड्यावरचे; जोंगाचं सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन इतकं पितं की बऱ्याच मालकांनी त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलंय. नव्या पिढीत अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा ७१३ फोर बाय फोर येतात.

पहिल्याच ट्रकवर हात बसवायचा असेल तर स्टॅलियन किंवा टाटा घ्या, असं मी सरळ सांगतो. त्यांच्या इंजिनांचे बरेच भाग याच कंपन्यांच्या साध्या मालट्रकांशी जुळतात आणि कळंबोलीत लोखंड बाजाराच्या आसपास चार दुकानं फिरलात की मिळतात. शक्तिमानसाठी जबलपूर, दिल्लीचं मायापुरी, नाहीतर नशीब असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. जोंगाच्या सामानासाठी लोक मंडी डबवालीपर्यंत जातात. तरी आम्ही शक्तिमानच घेतला, कारण दोस्ताच्या वडिलांनी तोच चालवला होता. अशा कारणापुढे सल्ला चालत नाही.

कागदांबाबत मात्र हट्ट धरा. लिलाव बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात आणि माल 'जसा आहे, जिथे आहे' तसाच उचलावा लागतो. लॉट भंगार म्हणून विकला जातोय की चालवण्याजोगं वाहन म्हणून, ते अटींत वाचल्याशिवाय बोली लावू नका. फौजेच्या गाडीला बाणाचा नंबर असतो, आरटीओचं पुस्तक नसतं. मुलकी नोंदणीसाठी लिलावात विकलेल्या लष्करी वाहनाचं विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, मुळातून लागतं. भंगारवाला "कागद मागाहून देतो" म्हणाला, तर पैसेही मागाहून द्या. इंजिन बदललेली गाडी घेत असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बदल पुस्तकात चढलाय का, तेही बघा. ठाण्याचं एमएच ०४, वाशीचं एमएच ४३ आणि पनवेलचं एमएच ४६. आपला पत्ता ज्या आरटीओच्या हद्दीत येतो तिथे गाडी न्यायच्या आधी फक्त कागद घेऊन एक चक्कर मारा. तिथला कारकून पहिल्याच खेपेला जे सांगतो त्यात पुढचे सहा महिने वाचतात.

उभी करायची कुठे

सोसायटीत जमणार नाही. कमानीची उंची, टाकीवरचा स्लॅब, वरच्या मजल्यावरचे काका या तिन्हींपैकी एक नक्की आडवं येतं. तळोजा, रबाळे, महापे, वागळे इस्टेट इथे शेड किंवा अंगण भाड्यानं मिळतं. खाली काँक्रीट हवं. मुरमाच्या जमिनीवर पाच-सहा टनांचा ट्रक जॅकवर चढवणं म्हणजे जीवाशी खेळ. जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर चेसिसखाली पोलादी घोडे लावायचे आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक कधीही नाहीत, कारण ते आधी न वाकता एकदम फुटतात.

पहिला आठवडा: काहीही सुरू करायचं नाही

एक वही आणि विजेरी घ्या आणि ट्रकखाली झोपा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी), पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग, या प्रत्येकाचा खालचा बूच अर्धाच सैल करा. तेलापेक्षा पाणी जड, त्यामुळे आत पाणी असेल तर आधी तेच येतं. तेल ताकासारखं पांढरट आलं तर पाणी मिसळलंय. चमचमतं आलं तर धातू झिजलाय. दोन्हींची नोंद करा, घाबरू नका. आमच्या पुढच्या हाउसिंगमधून कपभर नुसतं पाणी आलं होतं आणि आतले मोठे दातेरी गिअर, क्राउन-पिनियन, तरीही वाचले.

हे पाणी जातं कुठून, ते समजलं की पुढचा पावसाळा सोपा जातो. प्रत्येक हाउसिंगच्या डोक्यावर हवा ये-जा करायला एक छोटा ब्रीदर असतो. चालून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर मातीनं बुजलेला असेल तर ती पोकळी ऑइल सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. म्हणून सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करा, नाहीतर नवा सीलही पहिल्याच पाण्यात फितूर होईल.

ऑइल सील आणि बेअरिंगसाठी गाडीचं नाव सांगत फिरू नका. दुकानदार मान हलवतो आणि तुम्ही समजता की माल बंद झाला. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. खोडलं गेलं असेल तर व्हर्नियरनं मापा. ते आकडे घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर "शक्तिमानचा नाही" म्हणणारा माणूसच पाच मिनिटांत तो तुमच्या हातात ठेवतो.

ब्रेक: इथे घाई नको

आधी कुठली जात आहे ते ओळखा. हवेची टाकी दिसली म्हणजे पूर्ण हवेचे ब्रेक असं नाही. काही गाड्यांत हवा फक्त पेडलला जोर देते आणि चाकापर्यंत तेलच जातं. चाकाच्या मागे जाडजूड चेंबर आणि बाहेर येणारा दांडा असेल तर हवा. बारीक नळी थेट प्लेटमध्ये शिरत असेल तर तेल.

तेलाच्या ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलनं दाबल्या जाणाऱ्या सिलिंडरपासून, चाकातल्या शेवटच्या सिलिंडरपर्यंतचं सगळं रबर बदला. पाहून चांगलं वाटलं तरी बदला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. खाडीकाठच्या आपल्या हवेत ते काम झपाट्यानं होतं, आणि तो ओलावा सिलिंडरच्या आत बारीक खड्डे पाडतो. खड्डा बोटाच्या नखाला लागत असेल तर नुसतं नवं रबर टाकून उपयोग नाही. सिलिंडर लेथवाल्याकडून आतून स्टीलचा स्लीव्ह घालून घ्या किंवा बदला. आमचे सहापैकी चार स्लीव्ह केलेत, वागळे इस्टेटमध्ये.

डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ पाहून घ्या. कोरडं डॉट ३ सुमारे २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायल्यावर १४०ला. शिळफाट्याच्या किंवा मुंब्रा बायपासच्या उतारावर भरलेल्या ट्रकचे ड्रम तापले की हा फरक पायाला कळतो. फ्लुइडच्या जागी इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ओतणारे मिस्त्री अजून आहेत. त्यानं रबर फुगतं आणि ब्रेक अडकून बसतो. मग परत सगळं रबर फेकायचं. आणि फ्लुइड रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. चाकाच्या सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक फ्लुइड भरलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सैल करून पुन्हा कसायचा, त्यानंतरच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची टाकी मधेच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. आमच्याकडे "दाब", "सोड" ओरडण्यावरून भांडणं झाली. हा अनुभव सार्वत्रिक असावा.

हवेच्या ब्रेकमध्ये टाकीचा खालचा कॉक उघडा. पहिल्यांदा गंजाचं लाल पाणी येतं. इंजिन चालू झाल्यावर हवेच्या दाबाचा काटा पूर्ण वर आणा, इंजिन बंद करा, चहा पिऊन या. काटा दिसण्याइतका खाली आला असेल तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. मग हेच पेडल दाबून ठेवून पुन्हा करा, कारण चेंबरमधले काही रबरी पडदे (डायफ्राम) फक्त दाबल्यावर गळतात.

एक गोष्ट जीवाची आहे. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची सवय आपल्या सगळ्या गॅरेजांत आहे. ती मोडा. पाण्याचा फवारा मारून धूळ ओली करा, फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, आणि मास्क लावा.

चाकं आणि ती उडणारी रिंग

जुन्या लष्करी ट्रकांच्या रिम बहुधा अनेक तुकड्यांच्या असतात. टायर ज्या लोखंडी रिंगनं अडकून राहतो ती रिंग गंजलेली किंवा नीट न बसलेली असेल, तर हवा भरताना तोफगोळ्यासारखी उडते. हात जातात, माणसं जातात. पंक्चरवाल्यानं "काही होत नाही साहेब" म्हटलं तरी ऐकू नका. टायर सोडवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. रिंग आणि तिचा खोबणीतला बैठक-भाग तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. तडा, वाक किंवा खोल गंज दिसला तर रिंग भंगारात. वेल्डिंग करून पुन्हा वापरायची नाही. दुसऱ्या रिमची रिंग, दिसायला तशीच असली तरी, लावायची नाही. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब नळी वापरा आणि बाजूला उभे राहा. पिंजरा नसलेल्या दुकानात आम्ही जातच नाही.

टायरच्या बाजूवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. नक्षी कितीही खोल असली तरी उभ्या राहिलेल्या टायरच्या भिंतीत तडे असतील तर तो फक्त ट्रक अंगणात हलवण्यापुरता.

नट सोडवताना डाव्या बाजूला जोर लावून पाना मोडण्याआधी स्टडच्या तोंडाकडे बघा. काही गाड्यांत डाव्या चाकांना उलटे आटे असतात आणि स्टडवर एल अक्षर कोरलेलं असतं. आमच्या एका मित्रानं चार फुटी पाइप लावून तो नट आणखी घट्ट केला होता.

हब उघडलंच आहे तर बेअरिंगमधलं जुनं ग्रीस डिझेलनं पूर्ण धुवा आणि वाळवा. जुन्यावर नवं थापू नका. वेगवेगळ्या जातींची ग्रीसं एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. पुढच्या हबच्या आत वळणारा जॉइंट असतो आणि त्याच्या गोळ्याभोवती मोठा सील. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस ओघळलेलं दिसलं की हाच सील गेलाय.

आता इंजिन

सेल्फ मारण्याआधी इंजिन हातानं फिरलं पाहिजे. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग व्हॉल्व्हवरचं टॅपेट कव्हर उघडून पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हळूहळू फिरवा. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली गेल्यावर वर येतोय का ते बघा. एखादा अडकला असेल तर सेल्फच्या जोरात पुशरॉड वाकतो. अडलं तर जबरदस्ती नाही, पुन्हा तेल आणि पुन्हा दोन दिवस.

डिझेलची टाकी खाली उतरवा. जुन्या डिझेलच्या तळाशी पाणी बसतं, आणि पाणी व डिझेल यांच्या मधल्या थरात बुरशीसारखा काळा चिखल वाढतो. फिल्टर त्यानंच तुंबतात. आत बारीक साखळी टाकून डिझेलबरोबर हलवली की गंज सुटतो. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर वाफेनं धुतल्याशिवाय ठिणगी जवळ नको.

डिझेल पंप स्वतः उघडू नका. कळंबोलीत पंप आणि नोझल तपासणारे आहेत, त्यांच्या बेंचवर लावून घ्या. आपण एवढंच बघायचं की पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, मोकळा सरकतोय. रॅक पूर्ण उघडा असताना गंजून अडकला आणि इंजिन सुरू झालं, तर ते वेड्यासारखं पळत सुटतं आणि किल्लीनं थांबत नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस हवेच्या पाइपच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा हवा. पळालं की फळी दाबून हवा बंद. हात किंवा फडकं नाही, आत ओढलं जातं.

हवा काढायचा क्रम: फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारा, बुडबुडे संपले की कसा, मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारा, डिझेल थेंबथेंब आलं की कसा. चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते.

नवं तेल, नवे फिल्टर, नवे होज, रेडिएटर उलटा धुतलेला. मग इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरून सेल्फनं दहा-दहा सेकंद फिरवा, मधे विश्रांती द्या, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. हलला की स्टॉप सोडा. सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त काटा बघायचा, एक्झॉस्टचा रंग नंतर. धूर सुरुवातीला येणारच. ओतलेलं तेल जळतंय.

वीज

डिझेल ट्रकांत बहुधा २४ व्होल्ट, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. सगळ्यात मोठी चूक इथे होते: म्युझिक सिस्टिम किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचे. मग ती बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. थोडे पैसे वाचवण्यात दोन बॅटऱ्या जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. दोन्ही बॅटऱ्या एकाच मापाच्या आणि एकाच दिवशी घेतलेल्या असाव्यात. नीट भरलेली प्रत्येक बॅटरी विसावल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना जोडीवर २८ च्या आसपास यायला हवेत.

आणि लाइट लागत नसतील तर वायरिंग सोलण्याआधी स्विच बघा. लष्करी गाडीत ब्लॅकआउटची एक जागा असते. स्विच तिथे असेल तर नेहमीचे दिवे, कधी ब्रेक लाइटसुद्धा, मुद्दाम बंद राहतात. मागच्या हाउसिंगवरचा पांढरा गोल आणि त्यावर पडणारा छोटा दिवा हा त्याच सोयीचा भाग; ताफ्यातल्या मागच्या चालकाला अंधारात तेवढंच दिसायला हवं. आम्ही एक अख्खा रविवार टेस्ट लॅम्प घेऊन घालवला. काका दुपारी जेवून आले आणि त्यांनी दोन बोटांनी स्विच फिरवला.

गिअरबॉक्स, जॉइंट, पाटे

इथे थोडक्यात. गिअर ऑइलच्या डबीवर जीएल-४ की जीएल-५ ही प्रत वाचा: हाउसिंगमध्ये ८५डब्ल्यू-१४० सारखं जीएल-५ चालतं, पण पितळी सिंक्रो (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या रिंगा) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-५ ची काही रसायनं मानवत नाहीत, तिथे जीएल-४. प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा) जॉइंट काढण्याआधी दोन्ही बाजूंना पंचनं खूण करा. एक दात फिरून बसला तरी गाडी थरथरते. पाट्यांच्या पिना, किंगपिन, क्रॉस यांचे ग्रीस निपल मोजून वहीत चित्र काढा. एखादा निपल ग्रीस घेत नसेल तर तो बदला, 'पुढच्या वेळी' म्हणू नका.

पुढचा अ‍ॅक्सल लिव्हरनं जोडता येत असेल तर कोरड्या डांबरावर कधीच जोडू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, फरक सुटायला जागा नसते, सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि लिव्हर निघेनाशी होते. निघत नसेल तर थोडं सरळ मागे घ्या, सैल होते.

गंज आणि रंग

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर हवेत मीठ आहे, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. चेसिसच्या पोकळ भागांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. रंगाची कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. दमट हवेत मारलेल्या प्रायमरखाली गंज जिवंत राहतो आणि पुढच्या श्रावणात फोड येतात. ब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज काढणं, केलं तर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, इपॉक्सी प्रायमर मारा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी केशरी होतं.

रंग कुठला द्यायचा यावर आमच्यात अबोला झाला होता. मित्राला तोच लष्करी हिरवा हवा होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. शेवटी वाळूचा रंग दिला. फोटोत तो हिरव्यापेक्षा बरा दिसतो, हे मित्र अजून कबूल करत नाही.

रस्त्यावर

पहिली फेरी रविवारी पहाटे, अंगणाच्या आसपास, बरोबर दुसरी गाडी आणि टो करायला लोखंडी दांडा. घोडबंदर रोडसारख्या रस्त्यांवर जड वाहनांना वेळेचं बंधन असतं, ते आधी बघा. मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो. विमा आणि पीयूसीही बरोबर हवेत. दर दहा किलोमीटरला थांबून हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापत असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जास्त कसलंय. शंभर किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा कसा, पाट्यांच्या यू-बोल्टसकट. पहिलं इंजिन ऑइल पाचशेला बदला, काळं दिसो वा न दिसो.

पुढे ट्रक उभा ठेवायचा असेल तर पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढा आणि वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. जागेवर दहा मिनिटं इंजिन फिरवून बंद करणं सगळ्यात वाईट. तेल पुरतं तापत नाही आणि जळण्यातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गेलात तर पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं चाला, ड्रम सुकतात. त्याच आठवड्यात सगळ्या हाउसिंगचे बूच पुन्हा अर्धे सैल करून बघा. मागच्या जुलैत भिवंडीहून परतताना आम्ही अशा पाण्यातून आलो. तीन बुचांतून स्वच्छ तेल आलं. चौथ्यातून, त्याच पुढच्या हाउसिंगमधून, दोन थेंब पाणी आलं, आणि वर बघितलं तर ब्रीदरवर कुंभारमाशीनं घर केलं होतं.